नंबर कोणाचा लिहू?

२४ सप्टेंबर, मंगळवार. उपकेंद्राच्या पडवीत टेबल ओढून मी मोबाइल नंबर भरत बसले होते. ज्या बाईच्या नोंदीत मोबाइल नंबर नाही तिचा नंबर महिनाअखेरपर्यंत भरा, असा वरून आदेश आला होता. टॅबमध्ये त्या रकान्याशेजारी आता लाल चांदणी उगवली होती. लाल चांदणी म्हणजे तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. आधी ती चांदणी नव्हती. आधी तो रकाना रिकामा सोडता यायचा, आणि कितीतरी बायांचा तो मी मुद्दाम रिकामा सोडलेला होता.

समोर शोभा बसली होती. शोभा आमची आशा कार्यकर्ती, म्हणजे गावातलीच बाई, मानधनावर घरोघर फिरणारी. कोणाच्या घरात किती फोन आणि ते कोणाच्या खिशात, हे तिला पाठ आहे. ती यादीतलं नाव वाचायची आणि मी विचारायचे.

"हिचा नंबर कोणाचा लिहू?"

"नवऱ्याचा हाय. पण थो पुण्याले राह्यते."

"मंग?"

"सासऱ्याचा लिवा."

"सासरा तर ऐकत नाही कानानं."

"मेसेज कुठी ऐका लागते बाई. वाचा लागते."

"वाचता येते त्याले?"

"नाही."

"मंग लिवतो. याच्याहून चांगला नंबर गावात नाही."

शोभा हसली. मी नाही हसले, कारण मी चेष्टा करत नव्हते.

मी आरोग्यसेविका आहे. गावात नर्सबाई म्हणतात. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, मेडशीच्या बाजूला माझं उपकेंद्र आहे. गावाचं नाव लिहीत नाही, आणि माणसांची नावं बदलली आहेत. जे सांगायला बसले आहे ते पाहता निदान एवढं तरी मी करायला हवं.

लोकांना वाटतं नर्सबाई म्हणजे सुई. सुई टोचायला क्षणभर लागतो. बाकी सगळी नोकरी विचारण्यात जाते. लग्न कधी झालं, वय काय, मुलं किती झाली, त्यातली जगली किती, किती वेळा पोट पडलं की पाडलं, पुढचं मूल हवं का, नको असेल तर काय करता, शेवटची पाळी कधी आली. सख्ख्या बहिणीला विचारताना जीभ अडखळेल असे प्रश्न मी अनोळखी ओसरीवर बसून, टॅबचा कोपरा पदरानं पुसत विचारते. बाया उत्तरं देतात. तारखा मात्र त्यांच्या त्यांच्या असतात. "पोळ्याच्या करीले आलती," म्हणतात. "उडीद तोडाले गेलतो ना बाई, त्याच्या आंधी." पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, कॅलेंडरवर शोधून तिची तारीख करायची आणि त्या तारखेवरून बाळंतपणाचा दिवस काढायचा. शाळेतलं गणित कुठे लागलं नाही, ते इथे लागलं.

विचारायची एक पद्धत असते. कुठल्याही ट्रेनिंगात ती शिकवत नाहीत. सासू समोर असेल तर आधी सासूचं बीपी घ्यायचं. पट्टा दंडाला बांधून फुगा दाबला की सासू गप्प बसते. तेवढ्यात सुनेला पाणी मागायचं आणि तिच्यामागे आत जायचं. खरी उत्तरं माठापाशी मिळतात. ओट्यावर मिळतात ती सासूची उत्तरं.

दुसरी रीत अशी, की एका घरात काम असलं तर अख्खी गल्ली करायची. एकाच दारात गेले तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं, नर्सबाई त्याच्याचकडे कायले गेलती? दहा दारांत गेले की कोणी विचारत नाही.

ही माहिती जाते कुठे? टॅबमधून तालुक्याला, तिथून वाशीमला, तिथून आणखी वर. खाली परत येते तेव्हा तिचे टक्के झालेले असतात. महिन्याच्या बैठकीत ते टक्के भिंतीवर दिसतात, हिरवे, पिवळे, लाल. लाल रंगातल्या सेविकेला उभं करतात. लाल का, ते सांगायला लागलं की "कारणं नकोत" म्हणतात. एवढ्या वर्षांत मी तिन्ही रंगांत उभी राहून झाले. रंग बदलला म्हणून माझ्या गावात काही बदललेलं मी पाहिलं नाही.

तरी हे सगळं फुकट आहे असं मी म्हणणार नाही. आधीच्या खेपेला जिला रक्तस्राव झाला, तिचं नाव दिवस भरत आले की आपोआप वर येतं. गाडी तयार राहते, रक्ताची सोय होते. ज्या बाया आधी गेल्या असत्या त्या आज शेतात निंदण करताना दिसतात. पाळीची तारीख विचारताना मला लाज वाटत नाही ती त्यामुळे. माझं भांडण विचारण्याशी कधीच नव्हतं. उत्तर दुसऱ्याच्या हाती जातं, भांडण त्याच्याशी आहे.

मला स्वतःला असं विचारलं गेलं ते एकदाच, नोकरीच्या सुरुवातीला. तेव्हा मालेगावात ड्यूटी होती. गावातच एक गादीवाले चाचा होते, दुकान पुढे, घर मागे. मी वही काढली तसे चाचा म्हणाले, "बाई, एक बात बोलूं? तुम लोग सब पूछ के लेके जाते, हमकू कुछ बताते नहीं. आज ऐसा करेंगे. तुमारा एक सवाल, मेरा एक सवाल."

मी म्हटलं, ठीक आहे. त्यात काय.

मी विचारलं, घरात माणसं किती. त्यांनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, तुमचं वय काय. मी सांगितलं. मी विचारलं, धाकट्या सुनेचं लग्न कधी झालं. त्यांनी विचारलं, तुमचं कधी झालं. मी विचारलं, मुलं? त्यांनी विचारलं, तुमारे? अब तक नहीं? काहे को? डॉक्टर को दिखाया?

कापूस पिंजणारे दोन कारागीर हात थांबवून ऐकत होते. मी वही मिटली. चाचा म्हणाले, "बुरा लगा ना? बैठो, चाय पियो. फिर लिखो जो लिखना है."

चहा प्यायले आणि उरलेले प्रश्न आत जाऊन त्यांच्या बायकोला विचारले. त्या दिवसापासून कोणाच्याही ओट्यावर चार माणसं बसलेली असली की मी वही काढत नाही. बैठकीत हे सांगता येत नाही. त्याचा टक्का निघत नाही.

वह्यांच्या काळात निदान वही माझ्या पिशवीत असायची. टॅब आल्यापासून उत्तर माझ्या हातातून सुटतं आणि स्वतःच्या पायानं हिंडतं. त्याचा पहिला अनुभव गमतीचा होता, निदान गावाला तरी गंमत वाटली.

आमच्याकडे पहिली खेप असली की तीन महिने बाहेर सांगत नाहीत. तिसऱ्या महिन्यात सासू गुपचूप सुनेला हिरवा खण देऊन चोरचोळी करते आणि मग गोष्ट हळूहळू बाहेर येते. सरकारला मात्र नोंदणी त्याच्या आधी हवी असते. म्हणजे काकी, मामी, नणंद यांच्याआधी बातमी मला कळते. त्यात काही वावगं नाही, मी तोंड बंद ठेवते. एका सुनेची मी अशी नोंदणी केली. घरातला एकमेव चालू फोन दिराचा होता, म्हणून नंबर त्याचा घातला. चार दिवसांनी त्या नंबरवर आपोआप येणारा फोन आला. दीर फाट्यावरच्या हॉटेलात भजी खात बसला होता. त्याच्या फोनचा कानाचा आवाज बिघडलेला, त्यामुळे फोन कायम मोठ्या आवाजावर. त्यानं बटण दाबलं आणि एक गोड आवाजाची बाई साऱ्या हॉटेलाला म्हणाली, "नमस्कार. अभिनंदन. आपण आई होणार आहात."

त्या पोराला गावात अजून "कितवा चालू हाय?" असं विचारतात.

सासू माझ्याकडे तरातरा आली. चोरचोळीचा हिरवा खण तिनं बाजारातून आणून पेटीत ठेवला होता.

"नर्सबाई, माह्या घरची गोष्ट हाटेलात कायले सांगतली?"

"मी नाही सांगतली काकू. सरकारनं सांगतली."

"सरकारले कोणं सांगतली?"

मी तिचं बीपी घेतलं.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती.

वनिता नावाची बाई आहे. दोन मुली. दुसऱ्या बाळंतपणात तिचं रक्त थांबेना, तेव्हा गाडीत तिच्यासोबत अकोल्यापर्यंत मी गेले होते. तिचा नवरा संतोष हार्वेस्टरवर चालक आहे. त्या वेळी तो मध्य प्रदेशात होता. तो आला तेव्हा मायलेकी घरी आल्या होत्या आणि अंगणात धुतलेली लुगडी वाळत होती. डॉक्टरांनी वनिताला सांगितलं होतं, तिसरी खेप नको. ऑपरेशन कर म्हटलं तर सासू म्हणाली, पोरगा झाल्याबिगर ऑपरेशन नाही. तेव्हा वनिता माझ्याकडे आली आणि तीन महिन्यांचं इंजेक्शन घ्यायला लागली. दर तीन महिन्यांनी दंडात एक सुई, बाकी काही नाही. नवऱ्याची सही लागत नाही. घरी सांगायचं बंधन नाही. ती लसीकरणाच्या दिवशी धाकटीला वजनाला घेऊन यायची आणि पोरगी काट्यावर असताना पडद्याआड सुई घेऊन जायची. तिचा मोबाइल नंबराचा रकाना मी रिकामा ठेवला होता.

त्या मंगळवारी यादीत तिचं नाव आलं. शोभानं नाव वाचलं आणि यादी खाली ठेवली. मी तिचं पान उघडलं. रकाना भरलेला होता. मी भरला नव्हता, शोभानं भरला नव्हता. मुलींच्या लसीकरणाच्या नोंदीत बापाचा नंबर होता. यंत्रानं मुली आणि आई एकाच घरातल्या आहेत हे ओळखलं, दोन्ही नोंदी एकमेकींना जोडल्या आणि रिकामी जागा स्वतःच भरून टाकली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, संदेश पाठवला.

"गेलं बाई," शोभा म्हणाली.

टॅब मिटेपर्यंत संतोषची मोटारसायकल फाटकात आली. तो वर आला आणि फोन माझ्यासमोर धरला. वनिताचं नाव होतं, आणि पुढे, आपल्या पुढील इंजेक्शनची तारीख जवळ आली आहे, कृपया आरोग्यसेविकेला भेटा.

"हे कायचं इंजेक्शन हाय?"

"बसा संतोषभाऊ."

"बसाले नाही आलो. सांगा."

"कोणाचीबी माहिती मी दुसऱ्याले देत नाही. नियम नाही."

"दुसरा कोण? माही बायको हाय."

"मंग तिलेच इचारा."

"माह्या फोनवर तुमच्याच सरकारनं धाडली. आन् तुमी म्हणता देता येत नाही?"

त्याचं बरोबर होतं. मी नियमाला धरून होते आणि नियमाचा तर कधीच बोऱ्या वाजला होता.

"मी तिले अकोल्याले घेऊन जाऊन राह्यलो बाई," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, उतरला होता. "पोट काहून राह्यत नाही म्हणून. गोळ्या चालू हायेत तिले. आन् अथी तुमी..."

"गोळ्या? कोणत्या गोळ्या?"

"मले इचारता? तुमाले तं साऱ्या गावाचं माहीत राह्यते ना?"

तो गेला. मी टॅब पुन्हा उघडला. तिच्या पानावर उंची होती, वजन होतं, रक्तगट होता, पाळीची तारीख होती. मूल राहावं म्हणून तिला कोणीतरी औषध देत आहे, हे कुठेच नव्हतं. एकीकडून सुई आणि दुसरीकडून गोळी.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या गल्लीत कंटेनर तपासणी काढली. म्हणजे घरोघर पाण्याच्या टाक्यांत, रांजणांत बॅटरी मारून डासांच्या अळ्या पाहायच्या. सकाळभर दार दार करत तिच्या घरी पोचले. सासू ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होती.

"या बाई. आमच्या घरातलं काही पाहाचं राह्यलं काय अजून?"

"टाकी पाहाची हाय काकू."

"पाहा. सारंच तं पाहून घेतलं तुमी."

वनिता मागच्या टाकीपाशी होती. मी बॅटरी पाण्यात मारली, दोघी वाकलो. तिच्या चेहऱ्यावर मार दिसला नाही. मी आधी ते पाहिलं.

"गोळ्या कोणत्या घेऊन राह्यली तू?"

"कुठी घेतल्या? न्हाणीत टाकल्या साऱ्या."

जिवात जीव आला. "मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी इचारलं नाही."

खरं होतं. तसा प्रश्न टॅबमध्ये नाही, म्हणून मलाही सुचला नव्हता.

"काय म्हणते थो?"

"काहीच नाही म्हणत. हात बी नाही उचलला. बोलतच नाही." ती पाण्याकडे बघत बोलत होती. "शनवारी माह्या भावाले बलावलं. सासू म्हणते, पोरीइसकट घेऊन जा म्हणा आपल्या बहिणीले. बाई, अजून एक मेसेज येते काय वं?"

"पाहतो मी."

"अळ्या हायेत काय?" ओट्यावरून सासू ओरडली.

"नाही काकू. साफ हाय टाकी."

इंजेक्शनची तारीख शुक्रवारची होती. तारीख चुकली की दुसरा संदेश आपोआप जातो, हे मला माहीत होतं. शनिवारी भाऊ येऊन बसणार आणि त्याच वेळी संतोषच्या खिशात पुन्हा तो फोन वाजणार. शुक्रवारी सकाळच्या एसटीनं मी वाशीमला गेले. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात, दुसऱ्यातून जिन्याखालच्या कॉम्प्युटरच्या खोलीत. तिथला मुलगा अदबीचा होता. खुर्ची दिली.

"नंबर काढून टाका," मी म्हटलं.

"रिकामा नाही ठेवता येत मॅडम."

"मग बदला. माझा घाला."

"बदलता येतो. आधीच्या नंबरवर ओटीपी जातो, तो सांगा."

"म्हणजे नवऱ्याला विचारू?"

"हो ना. त्यांच्या परवानगीशिवाय त्यांचा नंबर कसा काढणार? गोपनीयतेचा प्रश्न आहे."

तो मुलगा थट्टा करत नव्हता. त्याला तसंच शिकवलं होतं. मी विचारलं, निदान पुढचा संदेश थांबवता येतो का. तो म्हणाला, इंजेक्शन दिलं अशी नोंद करा, थांबेल. म्हणजे न देताच. मी नाही म्हटलं. मी फार सत्यवादी आहे अशातला भाग नाही. खोट्या तारखेवर पुढची तारीख ठरते आणि त्या चुकीत बाईला दिवस जातात. हे एवढं जरी त्या यंत्राला कळत असतं तर बरं झालं असतं. शेवटी अर्ज लिहून दिला. त्यावर आवक शिक्का मारून त्यानं पोच दिली. त्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. नंबर अजून तोच आहे.

परतीची गाडी मालेगावात खोळंबली. फाट्यावर उतरले तेव्हा दिवस कलला होता. संतोष मोटारसायकलला टेकून उभा होता. आपल्यासाठीच थांबलाय हे दिसत होतं.

"वाशीमले गेलते म्हणते. आमच्यासाठी?"

"हो."

"काही झालं?"

"नाही."

तो जरासा हसला. मग गाडीच्या हँडलकडे पाहत म्हणाला, "तिले इचारलं मी. काहून घेतलं म्हणून. म्हणते, तुले नाही समजाचं. मले नाही समजाचं तं कोणाले समजाचं बाई? दोन पोरीइचा बाप हाव मी."

"दुसऱ्या खेपेले तुमी कुठी होते?"

"मशीनवर. एमपीत. तुमाले तं माहीत हाय."

"त्या टायमाले काय झालतं, सांगतलं कोणं तुमाले?"

"माय म्हणे, तरास झाला जरा. बाळंतपणात होते."

जरा. गाडीच्या पत्र्यावर पाय घसरत होता एवढं रक्त होतं. अकोला येईपर्यंत मी तिच्या गालावर मारत होते, झोपू नको म्हणून. हे त्याला तिथेच सांगून मोकळं व्हावं असं वाटलं. दोन वाक्यांचं काम होतं, कदाचित शनिवारची बैठकसुद्धा टळली असती. दिवसभराच्या हेलपाट्यानं पाय दुखत होते आणि दोन वाक्यं तोंडात होती. पण ते रक्त तिचं होतं. तिला न विचारता तिची गोष्ट संतोषच्या फोनवर धाडणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नव्हतं.

"उद्या सकाळी तिले घेऊन या," मी म्हटलं. "भाऊ याच्या आंधी. थे म्हणन तेवढं सांगतो. थे नाही म्हणली तं काहीच नाही सांगत."

"आन् माय?"

"मायचं काय काम हाय तिथी?"

त्यानं गाडीला किक मारली. गाडीवर बसा, सोडतो, म्हणाला. मी चालत गेले. त्याच्या गाडीवरून गावात शिरले असते तर आणखी एक गोष्ट झाली असती.

शनिवारी सकाळी मी उपकेंद्र लवकर उघडलं. तपासणीच्या खोलीतली कचऱ्याची बादली बाहेर काढली, दोन खुर्च्या ठेवल्या. शोभाला सांगितलं, आज कोणालाही पडवीच्या आत येऊ देऊ नको. ती म्हणाली, कोणी इचारलं तं? मी म्हटलं, फवारणी हाय म्हण.

ते आले. तो पुढे, ती मागे, धाकटी कडेवर. मी संतोषला पडवीत बसवलं आणि वनिताला आत घेतलं.

"तुह्या नवऱ्याले सांगू काय? कायकाय सांगू, किती सांगू, तू सांग. नोको म्हणली तं नाही सांगत."

ती खुर्चीतून उठली. मला वाटलं, जाणार. मग तिनं पोरगी माझ्या हातात दिली.

"तुमी नोका सांगू. मीच सांगतो. घरी बोलाले जागाच नाही बाई. भितीले कान हायेत आमच्या. तुमची खोली द्या घडीभर."

मी पडवीतून संतोषला आत पाठवलं, पोरीला घेऊन बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. मोठ्यानं बोलल्याचा आवाज आला नाही. मधे एकदा खुर्ची सरकली. धाकटीचं वजन केलं, मागच्या महिन्यापेक्षा वाढलं होतं. तेवढ्यात फाटकातून सासू आली. शोभाची फवारणी तिनं मानली नाही, थेट पायरीपर्यंत आली.

"काय चालू हाय आत?"

"तुमच्या सुनेचं काम चालू हाय. बसा काकू."

"माह्या लेकाले कायले बसोलं मंग?"

"तिनं बलावलं म्हणून."

"आन् मले नोको समजाले? घर माह्यं हाय."

"नोको," मी म्हटलं.

एवढ्या वर्षांत मी तिला अशी कधी बोलले नव्हते. मग ती पायरीवर बसली आणि पदरानं तोंड पुसायला लागली. बीपीचा पट्टा टेबलावर होता. मी तो उचलला नाही.

दार उघडलं. संतोष कोणाकडेही न पाहता बाहेर आला, चपला अडकवल्या आणि सरळ फाटकाकडे गेला. त्याचे डोळे लाल होते. आत वनिता खुर्चीतच बसली होती. काय बोलणं झालं ते मी तिला विचारलं नाही. आधी गरोदरपणाच्या तपासणीचं किट दिलं. एकच रेघ आली, म्हणजे दिवस नव्हते. मी ती तिला दाखवली.

तिनं बाही वर केली. "द्या," म्हणाली.

सुई देऊन कापूस दाबत असताना खिडकीतून बाहेरचं ऐकू येत होतं. गाडी सुरू झाली नव्हती. संतोष फाटकापाशी उभा राहून वनिताच्या भावाशी फोनवर बोलत होता. "नोको येऊ आज," तो म्हणत होता. "काही नाही झालं. तुह्या बहिणीले घेऊन घरी चाललो मी."